कोरी भिंत

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एक इंजिनिअर राहत होता. गावाचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि आठही ठिकाणच्या लोकांना ही आपल्याच गावची गोष्ट वाटेल, तेवढं पुरे.

इंजिनिअर हुशार होता, हाताचा स्वच्छ होता, आणि कामात चालढकल त्याला खपत नसे. त्याच्याकडे एक काम आलं, ज्येष्ठ नागरिक भवन बांधायचं. त्यानं मन लावून प्रस्ताव लिहिला. पहिल्याच पानावर टाकलं, की २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली जवळपास दहा माणसं साठीपुढची आहेत आणि हा आकडा चढताच राहणार. दुसऱ्या पानावर जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला होता. वयस्कांना सोयीची शहरं कशी असावीत, याची मार्गदर्शिका संघटनेनं २००७ साली काढली. ती लिहिण्याआधी जगातल्या ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं होतं. फुटपाथ, बस, बाकडी, संडास, काय टोचतं ते त्यांच्याकडून ऐकून घेतलं होतं. इंजिनिअरनं मार्गदर्शिकेचं नाव तेवढं उतरवून घेतलं. ती कशी तयार झाली ते वाचायला त्याला सवड झाली नाही.

भवन उभं राहिलं. जोतं साडेतीन फूट. आपल्याकडे दर डांबरीकरणात जुन्या थरावर नवा थर बसतो, रस्ता वर येत राहतो आणि दहा-पंधरा वर्षांत जुनी घरं खड्ड्यात गेल्यासारखी दिसतात. म्हणून जो तो जोतं उंच घेतो. शिवाय उंच जोत्याला शान असते, हे कोणी कागदावर लिहीत नाही. तर साडेतीन फूट जोतं, सहा-सहा इंचांच्या सात पायऱ्या, त्यांना काळा ग्रॅनाइट, आत तोंड पाहावं अशी चकचकीत टाइल. संडास मागच्या अंगाला, तीन पायऱ्या उतरून, उकिडवं बसायचा.

रॅम्पसुद्धा होता, कारण नियमात होता. नियम म्हणतो, फूटभर चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. म्हणजे साडेतीन फुटांना बेचाळीस फूट. जागा उरली होती बारा फूट. त्यानं बारा फुटांत बसवला. नकाशावर ‘रॅम्प’ असं ठळक लिहिलं आणि नकाशा मंजूर झाला.

उद्‌घाटन झोकात झालं. म्हाताऱ्यांना खाली मंडपात खुर्च्यांवर बसवलं, पाहुणे वर उभे राहून बोलले. फीत कापल्यावर नातवांच्या, सुनांच्या खांद्यावर हात ठेवून सगळे एकदाचे वर गेले, कॅरम पाहिला, टीव्ही पाहिला, चिवडा खाल्ला आणि उतरले. उतरताना एका निवृत्त पोस्टमास्तरांनी पायऱ्यांकडे पाठ केली आणि शिडी उतरावी तसे उलटे उतरले. लोक हसले. तेही हसले.

त्यानंतर भवनात कोणी फिरकलं नाही. रॅम्पवर मात्र गर्दी असे. पोट्टे घसरगुंडी खेळत आणि केटरिंगवाला त्यावरून मोटरसायकल चढवी. म्हातारी मंडळी पुन्हा पहिल्यासारखी चौकातल्या लिंबाच्या पारावर दिसू लागली. इंजिनिअर रोज तिथून जाई आणि मनात चिडे. ‘लाखो रुपये घातले, पंखे लावले, आणि यांना धुळीतच बसायचंय. सुधारायचंच नाही.’ पार दीड फूट उंच आहे, टेकायला बुंधा आहे, समोर चहाची टपरी आहे, एसटीतून कोण उतरलं ते दिसतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही असं नाही. ते लक्षात घ्यायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आता त्याच्या घरी जाऊ.

घर त्यानंच बांधलेलं. घरात बायको, कॉलेजातली मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. घराला एकच रोग होता. आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत, बोळातल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एक काळपट पट्टा उमटायचा. आई सकाळी उठली की पलंगावर बसून गुडघ्यांना तीळतेल चोळी आणि त्याच हातानं भिंत धरत धरत निघे. दिवाळीला रंगारी तो पट्टा पुसून टाकी, होळीपर्यंत पट्टा परत हजर. महागडा रंग, धुता येईल असा, कंपनीनं तसं डब्यावर लिहिलेलं. तेलापुढे तोही हरला.

एकदा पाहुणे यायचे होते. बायको फडकं घेऊन पट्टा घासत होती, तेवढ्यात आई बोळातून आली आणि हात नेमका ओल्या भिंतीवर. इंजिनिअर पेपर वाचत होता. तिथूनच म्हणाला, “आई, भिंतीला हात लावू नको ना. किती वेळा सांगायचं?”

ओरडला नाही. नुसता म्हणाला. आईनं हात काढून घेतला, पदराला पुसला.

त्या दिवसापासून भिंत स्वच्छ राहिली. आठ दिवस झाले, पंधरा झाले. इंजिनिअरला बरं वाटलं. आईनं मनावर घेतलं म्हणायचं. आई जेवायला टेबलापर्यंत येईना, तेव्हा सूनबाई ताट खोलीत नेऊन देऊ लागली. वय झालं, थकली, असं दोघं धरून चालले. घरात कोणी हळूहळू कमी होत गेलं तर आवाज होत नाही.

महिन्याभरानं त्याचा जुना मिस्त्री हिशोबाला आला. मिस्त्री सत्तरीचा, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला. पाणी पिऊन त्यानं ग्लास खाली ठेवला आणि बोळाकडे पाहत राहिला.

“माय कुठी गेली जी, साहेब? गावाले गेली काय?”

“नाही. आहे आत.”

“बिमार हाये?”

“छे, ठणठणीत आहे.”

मिस्त्री उठून भिंतीजवळ गेला, तळहात फिरवला. म्हणाला, “भिंत तं कोरी दिसून राह्यली. बुढं माणूस घरात चालत असन तं भिंत कोरी राहत नाही, साहेब. माय चालून नाही राह्यली.”

इंजिनिअर आत गेला. आई पलंगावर बसली होती, खिडकीबाहेर बघत. त्यानं विचारलं. ती साधेपणानं म्हणाली, “तू म्हणला भिंतीले हात लावू नको. भिंत सोडून मले चालता येत नाही, बाबू. मंग मी बसली.”

इथं गोष्ट संपवता आली असती. मुलाच्या डोळ्यांत पाणी, आईचा हात मुलाच्या डोक्यावर. पण डोळ्यांतल्या पाण्यानं बोळात कठडा लागत नाही. इंजिनिअरला वाईट वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्यानं विचारलं, “स्टीलचा पाइप लावून देतो. किती फुटांवर लावू, मिस्त्री?”

मिस्त्री म्हणाला, “थे मले इचारू नका. मायले घेऊन एकडाव सेवाग्रामले चला. मंग सांगतो.”

रविवारी तिघं निघाले. कार होती, पण आईला एसटीनंच जायचं होतं. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून महाराष्ट्रात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि तिला तो हक्क एकदा वसूल करायचा होता. बस लागली. इंजिनिअरनं आयुष्यात हजार वेळा एसटीची पायरी चढली असेल. ती किती उंच आहे ते त्यानं त्या दिवशी पाहिलं. आईनं आधी दांडा धरला, मग पाय उचलून पाहिला, तो पोचेना, तेव्हा गुडघा टेकला आणि रांगत वर गेली. मागून कोणीतरी “चला माय, लवकर” म्हणालं. वर गेल्यावर आईनं आधार कार्ड कंडक्टरपुढे असं धरलं, जसं काही पदकच. तिकीट माफ झालं होतं. पायरी नव्हती झाली.

सेवाग्रामला आई लहानपणी शाळेच्या सहलीतून आली होती. तिला झाडं आठवत होती. इंजिनिअर अनेकदा पाहुण्यांना दाखवायला आला होता. त्याला काहीच आठवत नव्हतं.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ला इथं आले. तेव्हा हे शेगाव. टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊन घोटाळे व्हायचे, म्हणून १९४० साली सेवाग्राम नाव ठेवलं. आले तेव्हा त्यांचं वय ६६. आजच्या हिशोबात एसटीचं अर्धं तिकीट लागणारं वय. आदी निवास, म्हणजे आश्रमातलं त्यांचं पहिलं घर, बांधताना खर्चाची मर्यादा पाचशे रुपयांची, आणि सामान नि मजूर होता होईल तो आसपासचेच. माती, बांबू, लाकूड, कवेलू. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात त्यांची शिष्या मीराबेन हिनं स्वतःसाठी बांधलेली. तिनं हातानं भिंतीवर उठावाचं ताडाचं झाड नि चरखा काढला, तो अजून आहे. पुढे गांधीजी तिथं राहायला गेले आणि कुटी त्यांच्या गरजेप्रमाणे वाढवली गेली.

आई पडवीतून चालू लागली. खांबावर हात, मग दाराच्या चौकटीवर हात. कोणी काही म्हणालं नाही. गांधीजींच्या बैठकीजवळ उभं राहून मिस्त्रीनं दाखवलं, “पाहा साहेब. बसल्या जाग्यावरून हात किती लांब जाते, तेवढ्यातच सारं हाये. उठाचं काम नाही.”

कुटीला लागून न्हाणीघर आहे. इंजिनिअर तिथं थबकला. आत खुर्चीसारखं बसायचा कमोड. खेड्यातल्या मातीच्या घरात, त्या काळात. ज्या माणसानं पंचा नेसून जग हलवलं, त्यानं गुडघ्यांशी हट्ट केला नव्हता. आणि आपण सिमेंटच्या भवनात, सत्तरीच्या माणसांना तीन पायऱ्या उतरून उकिडवं बसायला लावलं. इंजिनिअर त्या कमोडपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या सहलीच्या मुली खुसखुसल्या.

थोड्या अंतरावर परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोग झालेला. ज्या काळात अशा माणसाला गावाबाहेर काढत, त्या काळात त्यांची कुटी आश्रमातच, हाकेच्या अंतरावर बांधली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, मालिश करत. मिस्त्री तिथं काही बोलला नाही. इंजिनिअरच्या डोक्यात मात्र आपल्या नकाशातली आईची खोली आली. सगळ्यात मागची, न्हाणीघरापासून सगळ्यात लांबची. ‘शांतता मिळेल’ म्हणून दिलेली.

बापू कुटीवर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिलंय. १९७८च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच इथल्या परिषदेला आला, तेव्हा तो कुटीत बसून राहिला आणि मग तिच्यावरच बोलला. माणसाची सोय पाहणारं घर वेगळं आणि सामानसुमानाची सोय पाहणारं वेगळं, असा त्याच्या बोलण्याचा एक धागा होता. मला तो पटतो. भिंतीवरचा रंग जपायला आईचा हात काढायला लावणारं घर यातलं कोणतं, हे इंजिनिअरला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. पण लगेच मातीच्या घरांचे गोडवे गायला मी तयार नाही. गोडवे गाणारे आपण सगळे स्लॅबखाली राहतो, दरसाल सारवायला कोणाच्या कमरेत बळ नाही, आणि चटईवर मांडी घालणं आजच्या म्हाताऱ्या गुडघ्यांना शिक्षाच आहे. त्यांच्यासाठी तीच कुटी बांधली तर ती चुकीची ठरेल.

परतताना इंजिनिअरनं विचारलं, “मग कठडा किती फुटांवर?”

मिस्त्री हसला. “मायनं नकाशा काढून देला होता न साहेब, भिंतीवर. तुमीच दर दिवाळीले पुसून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं आईला सांगितलं, तेल लाव आणि चाल. आई घाबरत घाबरत निघाली. पाचव्या पावलाला हात भिंतीवर गेला. तो खडू घेऊन मागे. पलंगाजवळ हात सत्तावीस इंचांवर पडला, कारण उठताना ती वाकलेली होती. बोळात एकतीसवर स्थिरावला. न्हाणीघराच्या चौकटीवर एकदम छत्तीस, पाचही बोटं रुतल्यासारखी. तिथं चार इंचांचा उंबरा होता आणि ती स्वतःला ओढून घेत होती. मधे हॉलच्या तोंडाशी चार फूट भिंतच नव्हती.

“इथं काय धरतेस?”

“इथं रामाचं नाव घेते अन् जाते.”

पंधरा वर्षं तो त्या घरात राहत होता. ते चार फूट त्याला दिसले नव्हते.

कठडा स्टीलचा नाही लावला. बायको म्हणाली, “दवाखान्यासारखं दिसेल,” आणि तिचंही खरं होतं. आपल्या घराचा दवाखाना झालेला कोणत्याच म्हाताऱ्या माणसाला आवडत नाही. मिस्त्रीनं माळ्यावरच्या मोडक्या सागवानी पलंगाच्या दांड्या काढल्या, रंधा मारला, मुठीत मावतील अशा गोल केल्या. तो आईच्या लग्नातला पलंग होता. उंबरा फोडून उतार केला, न्हाणीघरातली गुळगुळीत टाइल उखडून खरबरीत फरशी बसवली, हॉलच्या तोंडाशी एक खांब उभा केला. खर्च इतका किरकोळ आला, की इंजिनिअरनं हिशोब दोनदा तपासला.

मग भवन. तिथं मिस्त्रीनं एक युक्ती केली. पारावरच्या अकरा जणांना बोलावलं आणि त्यांचे तळहात ओल्या गेरूत बुडवले. “आता या जी, चला. पडासारखं वाटलं का जे हाती लागन थे धरा.” पांढऱ्या भवनाचं वारली चित्र झालं. बायांचे पंजे खाली, पुरुषांचे वर. पोस्टमास्तरांचे सगळे डाव्या भिंतीवर, कारण उजवा डोळा अधू. इंजिनिअर ते पाहत होता आणि त्याला पुस्तकातलं पान आठवत होतं. कठडा दोन उंचींवर असावा, एक खाली, एक वर, असं शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत छापलेलंच आहे. परीक्षेत त्याला त्याचे गुणही मिळाले असते. ते दोन आकडे म्हणजे ठेंगण्या आणि उंच माणसांचे हात आहेत, हे गेरू वाळेपर्यंत कळलं नव्हतं.

दुरुस्तीची फाइल सात महिने अडकली. ‘नवीन इमारतीला दुरुस्ती कशी?’ असा शेरा आला. त्याला उत्तर देणं अवघडच होतं. चूक माझी, असं लिहायला फाइलमध्ये रकाना नसतो. त्यानं तरी वेगळ्या कागदावर ते लिहून जोडलं.

रॅम्प दोन बाजूंनी वळवून बेचाळीस फूट केला, मधे दम घ्यायला सपाट जागा. संडास आत घेतला, कमोड बसवला. पहिल्या दिवशी पोस्टमास्तर रॅम्पवरून एकटे, कोणाचा हात न धरता वर गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी ते खाली आले.

“काय झालं?” इंजिनिअरनं विचारलं.

“चढलो तं आरामात. पण वरतं हाये काय? टीव्ही तं घरीबी हाये. इथून एसटी दिसत नाही.”

मग रस्त्याच्या बाजूची भिंत अर्धी उतरवली आणि खाली, आवाराच्या कडेला, दीड फुटाचा लांब कट्टा बांधला, पाठ टेकायला भिंतीसकट. चहावाल्याची टपरी त्याच आठवड्यात चौकातून सरकली. त्याला कोणी प्रस्ताव लिहायला सांगितला नव्हता. आता भवनाची आतली खोली उन्हाळ्यात भरते, पारा पंचेचाळीसला टेकला की. एरवी सगळे कट्ट्यावर.

यंदा दिवाळीच्या आधी रंगारी आला. बोळातला तो पट्टा आता नाही. कठड्याखालची भिंत स्वच्छ आहे आणि सागवान तेल पिऊन काळंभोर, गुळगुळीत झालंय. रंगाऱ्यानं घरभर फिरून पाहिलं आणि इंजिनिअरला हाक मारली. मागच्या दाराबाहेर, तुळशीकडे जाताना, जिथं कठडा नाही तिथं भिंतीवर नवा डाग पडला होता. आई आता तिथवर जाऊ लागली आहे.

“घासून टाकू?”

“नको. आधी मोजू दे.”

बत्तीस इंच भरलं. मिस्त्रीला निरोप गेलाय.